कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टात गाडणे : आपल्या काळ्या पाषाणाला हे जमेल काय?

कातळवाट

सप्रेम नमस्कार.

घाटरस्ता रुंद करण्यासाठी कापलेल्या कड्यात, काळ्या पाषाणाच्या पोटात पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या पोकळ्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, आणि पुढे त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी त्या पोकळ्या सावकाश भरून काढल्या. निसर्गाने ज्या कामाला फार मोठा काळ घेतला, त्याच जातीचे काम आइसलंडमधील लोक दोन वर्षांत उरकत आहेत, आणि हा धागा त्याविषयी आहे.

रेकयाविक शहरापासून जवळच हेलिशेइडी हे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे जमिनीतून येणाऱ्या वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायूही वर येतात. हे वायू एका मनोऱ्यात दाबाखाली पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात, तेथे ते विरघळतात, आणि ते पाणी बसाल्ट खडकात खोल सोडले जाते. विरघळलेल्या वायूमुळे पाणी आम्लधर्मी होते आणि बसाल्टातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवून घेते; मग हीच मूलद्रव्ये कार्बनाशी जोडली जाऊन कॅल्साइटसारखी कार्बोनेट खनिजे तयार होतात. २०१२ च्या आरंभी १७५ टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड ४०० ते ८०० मीटर खोलीवर सोडून पहिला प्रयोग झाला, आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी अशा क्रियेला शेकडो, किंबहुना हजारो वर्षे लागतील असे धरले जात असे. ‘कार्बफिक्स’ नावाच्या या प्रकल्पाच्या आरंभकर्त्यांत कोलंबिया विद्यापीठाचे वॉलेस ब्रोकर होते. ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हा शब्दप्रयोग १९७५ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकात वापरणारे तेच हे गृहस्थ.

दख्खनचा बसाल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. दगड आपल्याकडे उदंड आहे आणि धूरही उदंड आहे. मग हे येथे का होऊ नये, हा माझा प्रश्न आहे.

रसायनी

उत्तम विषय. पाण्याची भूमिका थोडी अधिक स्पष्ट करतो, कारण या पद्धतीची सगळी मेख तेथेच आहे.

अन्यत्र कार्बन डायऑक्साइड प्रचंड दाबाखाली द्रवासारखा करून खोल वालुकाश्मात सोडतात. तो भोवतीच्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर येऊ पाहतो, म्हणून त्यावर अभेद्य खडकाचे झाकण लागते आणि ते झाकण पुढची कित्येक शतके टिकेल याची हमी लागते. याउलट कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे ते खाली बसते. विरघळल्या क्षणापासून वायूला बुडबुडा म्हणून स्वतंत्र अस्तित्वच उरत नाही.

तरीही पाणी अपरिहार्य आहे असे नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये जवळजवळ एक हजार टन कार्बन डायऑक्साइड पाण्याविनाच बसाल्टात सोडण्यात आला, आणि दोन वर्षांनी खडकात विंधून काढलेल्या गाभ्याच्या नमुन्यांत कार्बोनेटचे खडे सापडले. तेव्हा दगडाचे काम दोन्ही वाटांनी होते. पाण्याच्या वाटेने गळतीची चिंता आरंभीच मिटते, एवढा तिचा विशेष.

तिरकस

थोडक्यात, आइसलंडवाल्यांनी जमिनीला सोडा पाजला आणि तिला ढेकर येऊ दिला नाही.

शंकेखोर

तिरकस यांनी थट्टेत म्हटले आहे, मी गंभीरपणे विचारतो. ढेकर आला तर? कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाच्या पाण्यात ज्वालामुखीतून आलेला कार्बन डायऑक्साइड असाच विरघळून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून बाहेर आला आणि जड असल्यामुळे दऱ्यांतून खाली वाहत जाऊन सतराशेहून अधिक माणसे झोपेतच गुदमरली. पाण्यात वायू साठवणे सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्यांनी हे नाव आधी आठवावे.

रसायनी

शंकेखोर, आपला आक्षेप योग्य जागी आहे, पण दोन्ही परिस्थितींची जात वेगळी आहे. न्योस हे सुमारे २०० मीटर खोलीचे, वरून उघडे सरोवर. तळाचे पाणी ढवळले गेले, वर आले, दाब उतरला, आणि बाटलीचे बूच काढल्यासारखे झाले. पुढे २००१ पासून तेथे नळ बसवून तळाचा वायू मुद्दाम थोडाथोडा बाहेर सोडला जातो. येथे मात्र पाणी खडकाच्या सूक्ष्म फटींत, शेकडो मीटर खाली असते. ते ढवळले जात नाही, आणि दोन वर्षांत त्यातला बहुतेक वायू दगड होऊन गेलेला असतो. गळतीचा खरा धोका वरच्या नळांत आणि जोडांत आहे, तो कोणत्याही कारखान्यात असतोच.

उत्तरध्रुव

नोकरीनिमित्त मी दोन वर्षे रेकयाविकला होतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो.

हेलिशेइडीचे केंद्र शहरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. गाडीचे दार उघडताच सडलेल्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वास आणि त्याविषयीचे कडक होत गेलेले नियम हेदेखील या प्रकल्पामागचे मोठे कारण होते. जगाचे तापमान हे एकच कारण नव्हते, हे लक्षात ठेवावे. शेवाळाने मढलेल्या लाव्हाच्या माळावर चंदेरी पत्र्याचे घुमट दिसतात. एस्किमोंच्या बर्फाच्या घरासारख्या त्या घुमटांखाली पाणी सोडण्याच्या विंधनविहिरी आहेत. माहितीकेंद्रात मेणबत्तीएवढा खडकाचा गाभा हातात देतात : काळा दगड आणि त्याच्या भोकाभोकांत पांढरे कण. माझ्याबरोबरच्या परदेशी पाहुण्यांना त्याचे फार अप्रूप वाटले. मी मात्र मनात म्हटले, हा तर आमच्या खंबाटकी घाटातला दगड.

शेजारीच हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रे आहेत. ‘ओर्का’ सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, त्याची क्षमता वर्षाला ४ हजार टनांची; ‘मॅमथ’ मे २०२४ मध्ये सुरू झाले, त्याची क्षमता ३६ हजार टनांची. दोन्हींचा वायू शेवटी याच पद्धतीने जमिनीत जातो.

विहीरवाले अण्णा

मी शिकलेला भूशास्त्रज्ञ नाही, पण चाळीस वर्षे विहिरी आणि बोअर घेण्याच्या धंद्यात आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

आपला पाषाण एकसारखा आहे हा समज काढून टाकावा. एका लाव्हाच्या थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो, त्यात पाणी मुरत नाही. वरचा भाग भोकाभोकांचा असतो, त्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीचा पट्टा लागतो. एका शेतात दोनशे फुटांवर भरपूर पाणी लागते आणि बांधापलीकडे चारशे फूट गेले तरी नुसती धूळ उडते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की पाणाड्यावर आणि यंत्रावर माझा सारखाच अविश्वास आहे. मग एवढे सोड्याचे पाणी खाली घालायचे म्हटले तर ते घेणार कोण? मांजऱ्यातल्या भोकांविषयी मूळ लेखात आलेच आहे की ती पांढऱ्या खड्यांनी आधीच भरलेली आहेत. भरलेल्या रांजणात आणखी काय भरणार?

कातळवाट

अण्णा, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. आइसलंडचा बसाल्ट भूशास्त्राच्या मापाने कालपरवाचा आहे; तो ताजा, काचेरी आणि फटीफटींचा आहे. ज्या पांढऱ्या खड्यांचे मी कौतुकाने वर्णन केले, तेच येथे वाटेत आडवे येतात, हे लिहिताना माझ्या लक्षात आले नव्हते.

मात्र खोलवर काय आहे हे पाहण्याची थोडी सोय झालेली आहे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जी तीन किलोमीटर खोल विंधनविहीर घेण्यात आली, तिच्यात सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत लाव्हाचे थर एकावर एक लागले आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाखडक. म्हणजे जाडी भरपूर आहे, आणि इतक्या थरांतून पाणी घेणारे काही थर निघतील ही आशा अगदीच निराधार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने दख्खनच्या बसाल्टाचा या दृष्टीने विचार पूर्वीच केलेला आहे.

शंकेखोर

कोयनेचे नाव निघालेच आहे तर ११ डिसेंबर १९६७ हेही आठवावे. ६.३ तीव्रतेचा तो भूकंप आणि त्यानंतर आजतागायत चालू असलेले लहानमोठे धक्के यांचा संबंध धरणाच्या पाण्याशी लावला जातो. अशा प्रदेशात दाबाने पाणी खाली घालण्याची कल्पना मला तरी निजलेल्या माणसाच्या कानात काडी घालण्यासारखी वाटते.

उत्तरध्रुव

यात तथ्य आहे. हेलिशेइडीजवळच २०११ मध्ये वापरून झालेले भूऔष्णिक पाणी परत जमिनीत सोडताना भूकंपांची मालिका सुरू झाली होती. त्यातील मोठे धक्के ४ तीव्रतेच्या आसपासचे होते आणि जवळच्या क्वेरागेर्डी गावातील लोकांना ते चांगलेच जाणवले. ते पाणी कार्बनचे नव्हते आणि त्याचे प्रमाणही फार मोठे होते, तरी धडा तोच आहे. कोयनेच्या खोऱ्यात हा प्रयोग करावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

हिशेबनीस

वरची चर्चा दगडावर फार आणि पाण्यावर कमी झाली, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

या पद्धतीत एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळवण्यासाठी सुमारे २५ टन पाणी लागते. एक हजार मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र वर्षभर सरासरी पाऊण क्षमतेने चालले, तर ते सुमारे ६५७ कोटी युनिट वीज देईल आणि ढोबळमानाने ६० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडेल. त्याला २५ ने गुणले तर १५ कोटी टन, म्हणजे १५ कोटी घनमीटर पाणी झाले. आपल्या ओळखीच्या मापात हे पाच टीएमसीहून अधिक होते. पुणेकरांना समजेल असे सांगायचे तर खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीसुद्धा नाही.

दुसरी बाजू अशी की हेलिशेइडीत दरवर्षी गाडला जाणारा वायू बरीच वर्षे सुमारे १२ हजार टनांच्या घरात होता. आपले ते एकच काल्पनिक केंद्र त्याच्या पाचशेपट वायू सोडते. आणि हे पाणी आणणार कोठून? २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. जेथे वीज करायला पाणी नाही, तेथे धूर धुवायला पाणी मागणारा माणूस ग्रामसभेतून धडपणे बाहेर पडेल असे वाटत नाही.

तिरकस

टँकरमुक्त महाराष्ट्राची घोषणा ऐकत आम्ही म्हातारे झालो. आता सोड्याचे टँकर पाहून डोळे मिटू.

उत्तरध्रुव

हिशेबनीस, गुणाकार बरोबर आहे, पण ते सगळे पाणी खर्ची पडते असे समजू नये. त्याच खडकातून पाणी उपसायचे, त्यात वायू विरघळवायचा आणि परत खाली सोडायचे, असे चक्र चालवता येते. हेलिशेइडीत तर जे पाणी एरवीही जमिनीत परत सोडावे लागले असते, त्याचाच उपयोग होतो. तेव्हा पाच टीएमसी हा फिरवायच्या पाण्याचा आकडा आहे, गिळायच्या पाण्याचा नव्हे.

हिशेबनीस

मान्य. मात्र फिरवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि आपल्याकडची बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे. शिवाय कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो आधी वेगळा काढण्याचा खर्चच खरा मोठा आहे. आइसलंडला वाफेबरोबर वायू जवळजवळ फुकट मिळतो.

रसायनी

आणखी एक बारीक गोष्ट. पाणी जितके गार तितका त्यात वायू अधिक विरघळतो. ५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो २५ अंशांच्या पाण्यातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मावतो. गरम सोड्याची बाटली उघडली की काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडचे भूजल आइसलंडच्या मानाने कोमट, म्हणजे येथे दाब तरी वाढवावा लागेल किंवा पाणी तरी.

सागरगोटा

गोड्या पाण्यावरून एवढी ओढाताण चालली आहे, आणि पश्चिमेला सबंध समुद्र पडून आहे, याचे मला गोव्यात बसून नवल वाटते.

माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र आपण होऊन शोषतो. हा हिस्सा वाढवता येईल का, यासाठी अनेक वाटा चाचपल्या जात आहेत. त्यातली एक वाट आमच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर २००९ मध्ये तपासून पाहिली होती. ‘लोहाफेक्स’ हे त्या प्रयोगाचे नाव. त्यातला ‘लोहा’ हा आपला हिंदीतला लोहाच. दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह विरघळवले, म्हणजे सूक्ष्म वनस्पती फोफावतील, कार्बन खातील आणि मरून तळाशी जातील, अशी अपेक्षा होती. प्रयोगाला जर्मनीतच विरोध झाला आणि जहाज समुद्रात असताना काही काळ परवानगी अडली. शेवटी प्रयोग झाला, वनस्पती वाढल्याही. पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे तिचेच जड कवच असलेल्या डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींना वाढता आले नाही, बाकीच्यांना कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी फस्त केले आणि तळाशी फारच थोडा कार्बन गेला. मला हा प्रयोग फसला असे म्हणवत नाही. लोह टाका आणि निश्चिंत व्हा, असे सांगत फिरणाऱ्यांना त्याने खरे उत्तर दिले.

दुसरी वाट रसायनशास्त्राची आहे. समुद्राच्या पाण्याचा अल्कधर्म वाढवला, तर त्यातला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात बांधला जातो आणि पाणी हवेतून आणखी वायू घेते. विजेच्या साहाय्याने हे करणारी प्रायोगिक संयंत्रे २०२३ मध्ये लॉस एंजेलिस आणि सिंगापूर येथे उभी राहिली. येथेही हिशेबनीसांना काम आहे : एक किलो समुद्राच्या पाण्यात सर्व रूपे धरून कार्बन डायऑक्साइड जेमतेम १०० मिलिग्रॅम असतो.

हिशेबनीस

म्हणजे ताई, एक टन काढायला किमान दहा हजार टन पाणी. मी नुसता आकडा लिहितो, मत देत नाही.

शंकेखोर

समुद्र आधीच आम्लधर्मी होत चालला आहे, औद्योगिक क्रांतीपासून त्याचा सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे, आणि आपण त्यात आणखी कार्बन घालणार?

सागरगोटा

नुसता कार्बन डायऑक्साइड घातला तर आपले म्हणणे खरे आहे, आणि ते कोणी करू नये. अल्क घातले तर सामू उलट थोडा वर जातो. शिंपल्यांच्या दृष्टीने ते बरेच. तथापि समुद्रात जेथे ते घातले जाईल तेथील जीवांवर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय मोठे प्रमाण धरू नये, या मताची मीही आहे. आमच्या मच्छीमारांना न विचारता तर नाहीच.

नांगरट

पावसाचे पाणीही पाणीच आहे, त्याचा विचार कोणी केला नाही. बसाल्टाची भुकटी शेतात पसरली की पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यावर काम करतो आणि बायकार्बोनेट होऊन ओढ्यानद्यांवाटे समुद्रास मिळतो. ‘माती कार्बन’ नावाची संस्था मध्य प्रदेश, छत्तीसगडकडच्या लहान शेतकऱ्यांबरोबर हेच काम करते आणि तिला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्यासाठीच्या एक्सप्राइझ स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. ही बातमी वाचून मी शेजारच्या खडी क्रशरवरून दोन ट्रॉल्या भुकटी आणून पाऊण एकरात टाकली. कार्बनचे काय झाले हे देव जाणे. क्रशरवाला मात्र अजून मला पाहिले की चहा पाजतो.

रसायनी

आपली जमीन कोणती?

नांगरट

भारी काळी. खाली चुनखडी.

रसायनी

मग अपेक्षा बेताची ठेवावी. काळी माती ही स्वतःच बसाल्ट झिजून झालेली, अल्कधर्मी, चुन्याने भरलेली असते. तिच्यात भुकटी विरघळण्याची घाई होत नाही. आम्लधर्मी, भरपूर पावसाच्या जमिनीत हे अधिक चांगले चालते. आपल्याकडे पाहायचेच तर कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत पाहावे, आणि भुकटी किती बारीक दळली आहे व ट्रकने किती लांबून आणली आहे याचा हिशेब सोडू नये.

शंकेखोर

शेवटी एकच विचारतो. हे सगळे जमले, तर कोळसा जाळत राहण्याला सबब मिळणार नाही का?

कातळवाट

मिळेल, आणि काही जण ती वापरतीलही. म्हणूनच माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण वरचे सर्व वाचून माझे मत बदलले आहे. कोळशाच्या केंद्रांचा धूर गाडण्यासाठी हे दख्खनमध्ये चालेल असे मला आता वाटत नाही. हिशेबनीसांच्या पाचशेपटीने ते मिटवले. परंतु सिमेंटसारख्या उद्योगांत चुनखडी भाजतानाच वायू सुटतो, तो इंधन बदलून थांबत नाही. अशा वायूसाठी, कोयनेपासून दूर, उत्तर कोकणात जेथे बसाल्ट थेट किनाऱ्याला भिडतो तेथे, समुद्राच्या पाण्यात काही शे टन विरघळवून एक लहान प्रयोग करण्यासारखा आहे. आइसलंडमध्येही समुद्राच्या पाण्यावर असे प्रयोग झाले आहेत, आणि पवईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकडण्याच्या व वापरण्याच्या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहेच. अण्णांचा दगड पाणी घेतो की नाही, हे तेव्हाच कळेल.

उत्तरध्रुव

जाता जाता एक गंमत. आइसलंडमधल्या पहिल्या प्रयोगात वायूचा दगड झाला, याची एक खूण निरीक्षणविहिरीतील पंपाने दिली. तो बंद पडला म्हणून वर काढला, तर त्यावर कॅल्साइटचा थर चढलेला होता.

विहीरवाले अण्णा

यात गंमत कसली? आमच्याकडे हे नेहमीचेच आहे. पंपावर आणि पाइपात पांढरी खपली धरते. आम्ही ॲसिड ओततो, फसफसून फेस येतो आणि पंप स्वच्छ होतो.

रसायनी

अण्णा, तो फेस म्हणजेच कार्बन डायऑक्साइड.

विहीरवाले अण्णा

अरे देवा. मग यापुढे छिन्नीने खरवडत जाईन. मजुरी कोण देणार तेवढे सांगा.